कॉर्तो, आल्फ्रेद

कॉर्तो, आल्फ्रेद : (२६ सप्टेंबर १८७७–१५ जून १९६२). विख्यात फ्रेंच पियानोवादक, वाद्यवृंदसंचालक, संगीतशिक्षक आणि संपादक. पूर्ण नाव आल्फ्रेद दनी कॉर्तो. एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादी पियानोसंगीताचा, विशेषतः शॉपँ व शूमान यांच्या रचनांचा, एक श्रेष्ठ भाष्यकार म्हणून तो ओळखला जातो. १९२० ते १९६० या चार दशकांत त्याने केलेली ध्वनिमुद्रणे ही या वादनपरंपरेच्या अभ्यासाची महत्त्वाची साधने होत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हिशी शासनाशी त्याने केलेल्या सहकार्यामुळे त्याचे चरित्र वादग्रस्त ठरले. त्यामुळे त्याच्या वादनाचे मूल्यमापन आणि त्याच्या सार्वजनिक वर्तनाचा न्याय या दोन्ही प्रश्नांचा विचार त्याच्या संदर्भात करावा लागतो.

पूर्वायुष्य व शिक्षण : कॉर्तोचा जन्म स्वित्झर्लंडमधील नीओं या गावी झाला. त्याचे वडील फ्रेंच व आई स्विस होती. लहानपणीच तो कुटुंबासमवेत पॅरिसला आला आणि तेथील काँझरव्हातवार या राष्ट्रीय संगीत महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. आरंभी एमील दकोंब हा त्याचा शिक्षक होता. शॉपँच्या अखेरच्या शिष्यांपैकी एक म्हणून दकोंबची ख्याती होती. पुढे लुई द्येमे याच्या वर्गात शिकून १८९६ मध्ये कॉर्तोने पियानोवादनाचे प्रथम पारितोषिक मिळविले.

तरुणपणी तो रिखार्ट व्हाग्नरच्या संगीतनाटकांकडे आकृष्ट झाला. जर्मनीतील बायरॉइट येथील व्हाग्नर महोत्सवात त्याने गायकांच्या तालमी घेणारा साहाय्यक म्हणून काही वर्षे काम केले. तेथून परतल्यावर १९०२ मध्ये त्याने व्हाग्नरच्या ‘गॉटरडेमरुंग’ या संगीतनाटकाचा पॅरिसमधील पहिला प्रयोग संचालित केला. त्या वेळी तो पंचवीस वर्षांचाही नव्हता. बेथोव्हनचा ‘मिसा सॉलेम्निस’ आणि ब्राम्सचे ‘जर्मन रिक्विएम’ या भव्य समूहगानरचनाही त्याने पॅरिसच्या श्रोत्यांपुढे आणल्या. वाद्यवृंदाचा हा अनुभव त्याच्या पियानोवादनातही उतरला. पियानोच्या एकाच स्वरपटातून वेगवेगळ्या वाद्यांचे रंग उभे करण्याची त्याची दृष्टी येथे घडली, असे मानले जाते.

१९०२ मध्येच त्याने क्लोतिल्द ब्रेआल हिच्याशी विवाह केला. ती शब्दार्थशास्त्राचा प्रवर्तक मीशेल ब्रेआल या ज्यू वंशीय फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाची कन्या. तिचा पहिला विवाह रॉमँ रॉलां या साहित्यिकाशी झाला होता. महात्मा गांधी, रामकृष्ण परमहंस व स्वामी विवेकानंद यांचा चरित्रकार म्हणून रॉलां भारतीय वाचकांना सुपरिचित आहे.

वाद्यत्रयी : १९०५ मध्ये कॉर्तो, व्हायोलिनवादक झाक तीबो आणि चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी एकत्र येऊन एक वाद्यत्रयी स्थापन केली. तिघेही स्वतंत्र वादक म्हणून नावाजलेले होते. तथापि वर्षातील काही काळ ते या सहवादनासाठी राखून ठेवीत. शूबर्टची बी फ्लॅट मेजर (१९२६), मेंडेल्सझोनची डी मायनर (१९२७), शूमानची डी मायनर (१९२८) आणि बेथोव्हनची ‘आर्चड्यूक’ (१९२८) या त्रयीरचनांची त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे आजही उपलब्ध आहेत. कासाल्सचे घट्ट व गंभीर वादन, तीबोचा नाजूक व लडिवाळ स्वर आणि या दोहोंना जोडणारा कॉर्तोचा पियानो यांचा मेळ त्यांत आढळतो. १९३० नंतरच्या काही वर्षांत ही त्रयी विसर्जित झाली.

अध्यापन व संघटनकार्य : गाब्रीएल फोरे हा काँझरव्हातवारचा संचालक असताना १९०७ मध्ये कॉर्तोची तेथे अध्यापक म्हणून नियुक्ती झाली. पहिल्या महायुद्धात त्याने शासनाच्या ललित कला विभागात काम केले आणि फ्रेंच कलेचा परदेशांत प्रसार करण्याच्या कार्यात पुढाकार घेतला. संगीत ही राष्ट्राची संपत्ती असून तिची व्यवस्था शासनाने लावली पाहिजे, ही धारणा त्याच्या मनात या काळात दृढ झालेली दिसते. तिचे परिणाम पुढे पंचवीस वर्षांनी दिसून आले.

१९१९ मध्ये ओग्युस्त मांझो याच्या सहकार्याने त्याने पॅरिसमध्ये ‘एकोल नॉर्माल द म्युझिक’ ही संस्था स्थापिली. कॉर्तोचे व्याख्यानयुक्त वर्ग हे तिचे मोठे आकर्षण होते. विद्यार्थ्याने रचना वाजवावयाची आणि कॉर्तोने तिच्या आशयावर बोलून, काही भाग स्वतः वाजवून दाखवावयाचा, अशी त्यांची पद्धत होती. क्लारा हास्कील, व्हलादो पर्लम्युटर, मागदा तालयाफेरो, ईव्हॉन लफेब्यूर व दीनू लिपाती हे त्याच्याकडे शिकलेल्यांपैकी प्रमुख होत. १९३३ मध्ये व्हिएन्ना येथील स्पर्धेत लिपाती या रूमानियन तरुणाला प्रथमऐवजी द्वितीय पारितोषिक देण्यात आले, तेव्हा कॉर्तोने निषेध म्हणून परीक्षकपदाचा राजीनामा दिला आणि लिपातीला पॅरिसला शिकण्यास बोलाविले.

त्याच्या संपादनकार्यात शॉपँ, शूमान व लिस्ट यांच्या रचनांच्या ‘अभ्यास-आवृत्त्या’ महत्त्वाच्या आहेत. एखाद्या रचनेतील अवघड जागा बाजूला काढून, त्या अवघडपणाचे मूळ शोधून, त्यावर मात करण्यासाठी स्वतंत्र पाठ द्यावयाचे, अशी त्यांची मांडणी आहे. अवघड ओळ नुसती पुनःपुन्हा घोटण्याऐवजी तिच्यातील अडचणीचे पृथक्करण करावे, असे त्याचे प्रतिपादन होते. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पियानोतंत्राच्या तर्कशुद्ध तत्त्वांवरील ग्रंथात त्याने हीच पद्धती सुसूत्रपणे मांडली. फ्रेंच पियानोसंगीतावरील त्याचा त्रिखंडात्मक ग्रंथ आणि १९४९ मधील शॉपँविषयक पुस्तकही मान्यता पावले. संगीताच्या हस्तलिखितांचा व दुर्मिळ ग्रंथांचा त्याने केलेला मोठा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर विखुरला गेला. त्यातील काही भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत व अमेरिकेतील ग्रंथालयांत आहे.

वादनशैली : कॉर्तोच्या वादनाचे स्वरूप समजण्यासाठी पाश्चात्त्य अभिजात संगीतातील वादकाचे स्थान लक्षात घेणे आवश्यक आहे. भारतीय रागसंगीतात कलावंत रागाच्या चौकटीत प्रत्येक वेळी नवी मांडणी करतो. पाश्चात्त्य परंपरेत मात्र रचनाकाराने प्रत्येक स्वर लिहून ठेवलेला असतो आणि वादकाला तो बदलण्याची मुभा सामान्यतः नसते. तथापि लय किती सैल वा घट्ट ठेवावी, कोणता स्वर उठावदार करावा, कोणता दबता ठेवावा, कोठे श्वास घ्यावा, हे सर्व लेखनात पूर्णपणे येत नाही. वादकाचे स्वातंत्र्य आणि त्याची जबाबदारी या मोकळ्या जागेत असते. शॉपँ, शूमान व लिस्ट यांच्या संगीतात व्यक्तिगत भावना, काव्य व कल्पनाचित्रे यांना मोठे स्थान असल्यामुळे ही जागा अधिकच विस्तृत आहे.

कॉर्तोने ती निःसंकोचपणे वापरली. ‘रुबातो’ म्हणजे एका स्वरापासून काळ चोरून दुसऱ्याला देण्याची लयीची लवचीकता. त्याच्या हातून ती बोलण्यातील चढउतारासारखी स्वाभाविक वाटते. उजव्या हातातील मुख्य स्वरावली डाव्या हाताच्या आधारस्वरापेक्षा किंचित मागाहून येऊ देण्याची जुन्या पियानोवादकांची लकब त्याने टिकवून धरली. स्वरपुंजांच्या मधल्या थरांत दडलेल्या स्वररेषा तो उचलून दाखवी. त्यामुळे परिचित रचनेतही एखादा नवा आवाज ऐकू येतो. त्याचा स्वर गाता असला, तरी गोडव्याच्या आहारी जाणारा नव्हता. नाट्यपूर्ण जागी तो रचनेचा वेग एकाएकी वाढवी, आणि त्या आवेगात कधीकधी चुकीच्या पट्ट्याही दाबल्या जात.

या चुका त्याच्या ध्वनिमुद्रिकांत स्पष्टपणे ऐकू येतात. पियानोतंत्रावर शास्त्रशुद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या आचार्याकडून असे स्खलन व्हावे, याचे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. त्याची कारणे अनेक आहेत. अध्यापन, संपादन, संचालन व सततचे दौरे यांमुळे त्याला सरावाला पुरेसा वेळ मिळत नसे. त्या काळच्या ध्वनिमुद्रणतंत्राचाही त्यात भाग होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे चार मिनिटांचे संगीत मावत असे आणि ती बाजू एका दमात वाजवावी लागे. एका स्वराची दुरुस्ती करावयाची, तर संपूर्ण बाजू पुन्हा मुद्रित करण्यावाचून गत्यंतर नव्हते. चुंबकीय फितीचे तुकडे जोडून निर्दोष वादन तयार करण्याची सोय युद्धोत्तर काळात आली. अशा वेळी निर्दोष पण थंड वादन आणि सदोष पण जिवंत वादन यांत कॉर्तो दुसऱ्याची निवड करीत असे.

ध्वनिमुद्रणे : कॉर्तोच्या कारकीर्दीत ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात अनेक स्थित्यंतरे झाली. आरंभीच्या यांत्रिक पद्धतीत वादकाचा ध्वनी कर्ण्यात गोळा करून थेट सुईकडे पोचविला जाई. तीत पियानोचा नाद पातळ व कोरडा उमटे. १९२५ मध्ये ध्वनिग्राहकावर (मायक्रोफोनवर) आधारलेली विद्युत् पद्धती व्यापारी उत्पादनात आली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील कॅमडन येथे कॉर्तोने व्हिक्टर कंपनीसाठी शॉपँचा एक ‘इंप्राँत्यू’ आणि शूबर्टच्या ‘लिटानाय’ या गीताचे स्वतः केलेले पियानो-रूपांतर मुद्रित केले. या कंपनीच्या ‘रेड सील’ या प्रतिष्ठित मालिकेतील विद्युत् पद्धतीची ही पहिली तबकडी होय.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत, मुख्यत्वे लंडनमध्ये, त्याने ‘हिज मास्टर्स व्हॉइस’साठी जी ध्वनिमुद्रणे केली, त्यांवर त्याची कीर्ती प्रामुख्याने अधिष्ठित आहे. शॉपँचे चोवीस प्रिल्यूड (ओपस २८) त्याने १९२६ मध्ये, पुन्हा १९३३ च्या सुमारास आणि पुढेही मुद्रित केले. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या रचनांपैकी काही अर्ध्या मिनिटात संपतात. कॉर्तो त्या सुट्या न वाजविता सलग, एका दीर्घ काव्यमालिकेप्रमाणे सादर करी. प्रत्येक प्रिल्यूडला त्याने एक काव्यमय शीर्षकही दिले होते. ही शीर्षके शॉपँची नव्हेत. शॉपँला वर्णनपर नावे आवडत नसत. ती श्रोत्यांवर लादलेला अर्थ आहेत, असा आक्षेप त्यामुळेच घेतला गेला. परंतु प्रत्येक रचनेची वृत्ती ठरवून मगच तिला हात घालण्याची कॉर्तोची रीत त्यांतून उघड होते, आणि त्याच्या वादनातील विरोध एवढे ठसठशीत का आहेत, याचा उलगडाही होतो.

शॉपँचे चार बॅलड त्याने १९२९ व १९३३ मध्ये मुद्रित केले. पोलिश कवी आदाम मीत्स्क्येव्हीच याच्या कवितांवरून आपणास काही बॅलड सुचले, असे शॉपँने सांगितल्याची नोंद शूमानने केली आहे; मात्र कोणता बॅलड कोणत्या कवितेवरून, हे तीत सांगितलेले नाही. कॉर्तोने आपल्या अभ्यास-आवृत्तीत प्रत्येक बॅलडला एकेक कविता जोडली. हा संबंध ऐतिहासिक पुराव्याने सिद्ध होत नसला, तरी बॅलडला कथा सांगितल्याप्रमाणे आरंभ, गुंतागुंत व शोकान्त शेवट देण्याची त्याची दृष्टी वादनात पूर्णपणे यशस्वी झाली आहे. एत्यूद अथवा अभ्यासरचनांचे दोन संच (ओपस १०, १९३३, ओपस २५, १९३४), वॉल्ट्झ (१९३४), दुसरा व तिसरा सोनाटा आणि जॉन बार्बिरोलीच्या संचालनाखालील एफ मायनर कंचेर्टो (१९३५) ही शॉपँची अन्य उल्लेखनीय मुद्रणे होत.

शूमानच्या बाबतीत त्याची कामगिरी याहून मोठी आहे, असे अनेक जाणकारांना वाटते. शूमानच्या पियानोरचना लहानलहान तुकड्यांच्या मालिका असतात. त्यांत मनोवृत्ती क्षणोक्षणी बदलते. साहित्यिक संदर्भ, टोपणनावे व गुप्त संकेत यांनी त्या भरलेल्या आहेत. ‘कार्निव्हाल’ (मुद्रण १९२८), ‘क्राइस्लेरिआना’ (१९३५), ‘किंडरत्सेनेन’ (१९३५) व ‘डाव्हीट्सब्युंडलरटेन्झ’ (१९३७) यांतील ही चंचलता कॉर्तोने नाट्यातील पात्रांप्रमाणे प्रकट केली. ‘सिंफनिक एत्यूद’च्या १९२९ मधील मुद्रणात शूमानने छापील आवृत्तीतून गाळलेली व त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली पाच परिवर्तने त्याने मूळ रचनेत मिसळली. हाईनेच्या कवितांवरील ‘डिख्टरलीब’ या गीतमालिकेत (१९३५) शार्ल पांझेरा या गायकाला त्याने केलेली साथही अभ्यसनीय आहे. गीत संपल्यानंतर पियानो एकटाच बोलतो, त्या जागा त्याने विशेष उत्कटतेने वाजविल्या आहेत. लिस्टचा बी मायनर सोनाटा (१९२९) आणि सेझार फ्रांकच्या ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’ (१९३४) यांचाही येथे निर्देश करावयास हवा.

व्हिशी शासनाशी सहकार्य : जून १९४० मध्ये जर्मनीने फ्रान्सचा पराभव केल्यानंतर मार्शल पेतँच्या नेतृत्वाखाली व्हिशी येथे नवे शासन आले. ऑक्टोबर १९४० मध्येच या शासनाने ज्यूंना सार्वजनिक पदांवरून दूर करणारा कायदा केला. अशा शासनात कॉर्तोने पदे स्वीकारली. १९४१ मध्ये तो पेतँने नेमलेल्या राष्ट्रीय परिषदेचा सदस्य झाला. पुढे संगीतव्यवसायाची पुनर्रचना करण्यासाठी स्थापन झालेल्या समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. ती ‘कॉर्तो समिती’ या नावानेच ओळखली जाई. १९४२ मध्ये त्याने बर्लिन व इतर जर्मन शहरांत जाहीर कार्यक्रम केले. एका अग्रगण्य फ्रेंच कलावंताने युद्धकाळात शत्रूच्या राजधानीत वाजविणे, याला प्रचाराच्या दृष्टीने मोठे मोल होते.

त्याचा जुना सहकारी कासाल्स याने नाझी राजवटीत जर्मनीत वाजविण्यास नकार दिला होता. तो फ्रान्समधील प्राद या छोट्या गावी निर्वासिताचे जीवन कंठीत होता. कॉर्तोचा मार्ग याच्या अगदी उलट होता. त्याच्या समर्थनार्थ असे सांगण्यात आले, की संगीतकारांच्या पोटापाण्याची सोय व्हावी आणि व्यवसायाला शिस्त यावी, या हेतूने त्याने पदे घेतली आणि अडचणीत आलेल्या काहींसाठी रदबदलीही केली. त्याचा संघटनेचा ध्यास व जर्मन संगीतावरील जुने प्रेम लक्षात घेता हे स्पष्टीकरण अगदीच अविश्वसनीय नाही. तथापि ज्या शासनाच्या नावे तो ही व्यवस्था लावीत होता, त्याचे स्वरूप त्याच्यापासून लपलेले नव्हते. त्याच्या पत्नीचे माहेर आणि त्याच्या काही शिष्यांचे कूळ ज्यू होते, ही वस्तुस्थितीही येथे विसरता येत नाही.

याच काळात, १९४२ व १९४३ मध्ये, त्याने शॉपँचे प्रिल्यूड, एत्यूद व वॉल्ट्झ पॅरिसमध्ये पुन्हा मुद्रित केले. ज्या पोलंडच्या पारतंत्र्याचे दुःख शॉपँच्या संगीतातून व्यक्त होते, असे कॉर्तो आपल्या लेखनातून सांगत आला होता, तो पोलंड त्या वेळी जर्मन टाचेखाली होता. ही मुद्रणे ऐकताना त्यांच्या काळाचे स्मरण अपरिहार्य ठरते.

पॅरिस मुक्त झाल्यावर सप्टेंबर १९४४ मध्ये कॉर्तोला अटक झाली. थोड्याच काळात त्याची सुटका करण्यात आली. त्यानंतर चौकशी समितीने त्याच्यावर एक वर्षाची व्यवसायबंदी घातली. जानेवारी १९४७ मध्ये तो पॅरिसच्या ‘तेआत्र दे शांझेलीझे’ या रंगमंदिरात शूमानचा कंचेर्टो वाजविण्यासाठी आला, तेव्हा वाद्यवृंदाने त्याची साथ करण्याचे नाकारले. शिट्ट्या, आरोळ्या व टाळ्या यांच्या गदारोळात त्याने एकट्यानेच शॉपँच्या रचना वाजविल्या. या प्रसंगानंतर तो काही वर्षे पॅरिसपासून दूर राहिला आणि त्याने स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वास्तव्य केले.

उत्तरायुष्य : फ्रान्सबाहेर त्याची लोकप्रियता फारशी कमी झाली नाही. १९५२ मध्ये त्याने जपानचा दौरा केला. त्या दौऱ्यात यामागुची प्रांतातील कावाताना येथील समुद्रकिनारा त्याला अतिशय आवडला. तेथील एक लहान बेट आज त्याच्या नावाने ओळखले जाते. वार्धक्यात त्याची बोटे थकली आणि स्मरणशक्तीही दगा देऊ लागली. या काळातील मुद्रणांत चुका अधिक आहेत, पण शूमानच्या शांत व अंतर्मुख रचनांत त्याचा स्वर अद्याप पूर्वीसारखाच बोलका आहे. १९५४ नंतर एकोल नॉर्मालमध्ये त्याने घेतलेले वर्ग फितीवर मुद्रित झाले होते. मरे परायाने निवडलेले त्यांतील भाग २००५ मध्ये प्रकाशित झाले.

जुलै १९५८ मध्ये प्राद येथील महोत्सवात कॉर्तो आणि कासाल्स अनेक वर्षांनंतर एकत्र आले व त्यांनी बेथोव्हनच्या रचना वाजविल्या. त्रयीतील तिसरा सोबती तीबो हा १९५३ मध्ये विमान अपघातात मरण पावला होता. प्रादचा हा कार्यक्रम कॉर्तोचा अखेरचा जाहीर कार्यक्रम ठरला. लोझान येथे त्याचे निधन झाले.

मूल्यमापन : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिखित संहितेशी काटेकोर निष्ठा हा पियानोवादनाचा आदर्श बनला आणि ध्वनिमुद्रणाच्या नव्या तंत्राने श्रोत्यांनाही निर्दोष वादनाची सवय लावली. त्या काळात कॉर्तोचे वादन बेशिस्त व जुनाट ठरविले गेले. पुढे जुन्या तबकड्यांची पुनर्मुद्रणे उपलब्ध होऊ लागली, तसे हे मत बदलले. २०१२ मध्ये त्याच्या मृत्यूच्या पन्नासाव्या वर्षी चाळीस तबकड्यांचा मोठा संच प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकात ही संगीतरचना कशी वाजविली जात होती, हे कागदावरील स्वरलेखनातून कळत नाही. त्या परंपरेत वाढलेल्या वादकाच्या मुद्रणांतून तिची काही कल्पना येते, आणि या दृष्टीने कॉर्तोच्या ध्वनिमुद्रिका ऐतिहासिक साधनांइतक्याच मोलाच्या आहेत.

त्याच्या वर्तनाविषयीचा वाद मात्र या पुनर्मूल्यांकनाने मिटलेला नाही, आणि तो मिटावा अशी अपेक्षाही करता येत नाही. कॉर्तोच्या श्रेष्ठ वादनाने त्याच्या युद्धकालीन निर्णयांचे समर्थन होत नाही. त्याचप्रमाणे त्या निर्णयांमुळे १९३३ चे प्रिल्यूड अथवा १९३५ चे ‘क्राइस्लेरिआना’ यांचे संगीतमूल्यही उणावत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडल्या, याची नोंद त्याच्या चरित्रकाराला आणि श्रोत्यालाही घ्यावी लागते.